बोकड ताटात, गाढव बाजारात

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. वडार, बेलदार, कुंभार, वैदू अशा समाजांतली माणसं लांबलांबून येतात. गिऱ्हाईक गाढवाचा जबडा उघडून दात बघतं आणि दातांवरून भाव ठरतो: दुवान, चौवान, कोरा, अखंड. काठेवाडी गाढवाचा भाव वेगळा, गावठीचा वेगळा. आणि त्याच जेजुरीत, खंडोबाला आलेल्या कितीतरी कुटुंबांच्या चुलींवर बकऱ्याचं मटण रटरटत असतं.

गाढव काय आणि बोकड काय, दोघंही पाला-गवतावर जगणारे आणि हजारो वर्षं माणसाच्या दारात राहिलेले. पण एकाच्या पाठीवर हात ठेवून गिऱ्हाईक विचारतं, "ओझं किती वाहील?" आणि दुसऱ्याच्या पाठीवर हात फिरवून विचारतं, "मटण किती पडेल?"

हा फरक आला कुठून? विचारलं की बहुतेकांकडून तीन उत्तरं येतात: चव, धर्म, सवय. तिन्ही खरी आहेत, पण तिन्ही अर्ध्या वाटेवर थांबतात. धर्माने मनाई केली हे खरं, पण नेमक्या त्याच जनावराची का केली? सवय लागली हे खरं, पण पहिल्यांदा कशामुळे लागली? माझं म्हणणं असं की तळाशी एक साधा हिशोब असतो: हे जनावर जिवंत ठेवून जास्त मिळतं की मारून? त्या हिशोबावर नात्यांचा थर चढतो, मग श्रद्धेचा, आणि शेवटी ओळखीचा. वरचे थर इतके जाड होतात की खालचा हिशोब बदलला तरी ते जागचे हलत नाहीत.

आधी बोकडाचाच हिशोब मांडू. गवतात, पाल्यात ऊर्जा भरपूर असते, पण ती सेल्युलोजमध्ये बंद असते आणि आपल्या पोटाला ते कुलूप उघडता येत नाही. शेळी, मेंढी, गाय, म्हैस या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात जंतूंनी भरलेला एक मोठा कप्पा असतो. ते जंतू गवत आंबवून त्यातून जनावराला जगवतात. शेळी तर बाभळीच्या शेंगा आणि बोरीच्या काटेरी फांद्याही सोडत नाही. म्हणजे ज्या माळावर ज्वारीचं कणीस येणार नाही, तिथलं काटेकुटं खाऊन ती दूध आणि मांस देते. आपल्या तोंडचा घास ती पळवत नाही.

शिवाय ती साधारण पाच महिन्यांत विते. उस्मानाबादी जातीत जुळी करडं नेहमीची. त्यातली निम्मी नर. आता त्या नरांचं करायचं काय? ते दूध देत नाहीत, नांगर ओढत नाहीत, ओझं वाहत नाहीत, आणि २० ते ३० शेळ्यांच्या कळपाला एक बोकड पुरतो. उरलेल्या प्रत्येक बोकडाचा चारा म्हणजे शेळीच्या तोंडून काढलेला चारा. मटणाच्या दुकानात बोकडच जास्त का लटकलेला दिसतो, त्याचं उत्तर या निम्म्या करडांत आहे. शेळी मात्र दूध आणि करडं देते, म्हणून भाकड होईपर्यंत बहुधा वाचते.

गाढवाचा हिशोब नेमका उलटा. गाढवीण जवळजवळ वर्षभर गाभण राहते आणि बहुतेक वेळा एकच शिंगरू देते. त्या शिंगराला अंगात बळ यायला आणखी काही वर्षं लागतात. पण एकदा ते उभं राहिलं की पुढची कितीतरी वर्षं वाळू, विटा, माती, धुण्याची बोचकी वाहतं. नर असो वा मादी, दोघंही कामाची. असं जनावर कापून खाणं म्हणजे घराचा वासा जाळून भाकरी भाजणं.

वाघ, लांडगा, कोल्हा कोणी पाळून का खात नाही, हेही इथेच कळतं. खाणाऱ्याच्या अंगात खाल्लेल्या अन्नातली साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा मांस म्हणून साठते, बाकीची चालण्या-फिरण्यात आणि अंग गरम ठेवण्यात जाते. गवत खाणारं जनावर खाल्लं तर हा तोटा एकदा सोसावा लागतो. मांसाहारी जनावर पाळायचं तर त्याला आधी शेळ्या घालाव्या लागतील, आणि तोटा दोनदा. ज्याच्याकडे शेळ्या आहेत तो सरळ शेळीच खाईल. त्यात शिकारी प्राण्यांच्या अंगात खालच्या प्राण्यांतली विषं आणि परोपजीवी जंतू साठत जातात. ध्रुवीय अस्वलाच्या यकृतात तर अ जीवनसत्त्व इतकं साठलेलं असतं की ते खाऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत.

मग सुरमई? मालवणात मोरीचं कालवण आवडीने खातात, आणि मोरी किंवा मुशी म्हणजे शार्कच, समुद्रातला पक्का शिकारी. तिथे हा नियम का लागू होत नाही? कारण तिला वाढवायचा खर्च आपण केलेला नाही. दोन काय, चार पायऱ्यांचा तोटा समुद्राने सोसलेला असतो, आपण फक्त जाळं टाकतो. तरी निसर्गाचा हिशोब तिथेही चुकत नाही: मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, म्हणूनच गरोदर बायकांना ते बेताने खायला सांगतात.

आता घोड्याकडे येऊ, कारण हा हिशोब जागेप्रमाणे कसा बदलतो ते घोड्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. कझाकस्तानात घोड्याचं मांस पाहुण्याच्या मानाचं. तिथे बोटाई नावाच्या जागी सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घोड्यांच्या हाडांचे ढीग आणि मडक्यांत घोडीच्या दुधाचे अंश सापडले आहेत. त्या गवताळ मैदानांवर हिवाळाभर बर्फ असतं. घोडा खुरांनी बर्फ उकरून खालचं गवत खातो. गायीला ते नीट जमत नाही, ती चाऱ्याविना मरते. म्हणजे तिथे घोडा हाच सर्वांत स्वस्तात जगणारा मांसाचा साठा.

पश्चिम युरोपात घोडा लढाईचा आणि पुढे नांगराचाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मानाने तो चाऱ्यातून कमी सत्त्व काढतो, म्हणजे मांसासाठी पाळायला महाग. त्यात ख्रिश्चन होऊ घातलेल्या जर्मन टोळ्या जुन्या देवांच्या विधींमध्ये घोड्याचं मांस खात, म्हणून पोप तिसरे ग्रेगरी यांनी सन ७३२ च्या सुमारास बोनिफेस या धर्मप्रचारकाला पत्र लिहून ते बंद करायला सांगितलं. पण आइसलँडने सन १००० च्या सुमारास ख्रिश्चन धर्म स्वीकारला तेव्हा घोड्याचं मांस खाण्याची सूट मागून घेतली. थंडीच्या त्या ओसाड बेटावर ते सोडणं परवडणारं नव्हतं. सूट नंतर काढून घेतली गेली, पण ती मागावी लागली हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि ज्या फ्रान्समध्ये शतकानुशतकं हे मांस त्याज्य होतं, तिथे शहरी गरिबांना स्वस्त मांस मिळावं म्हणून १८६६ मध्ये घोड्याच्या मांसाची दुकानं कायदेशीर झाली.

कुत्र्याचंही तसंच. तो राखण करतो, शिकारीला मदत करतो, आणि मांसासाठी पाळायला परवडत नाही. मग काही ठिकाणी तो खाल्ला का गेला? मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांकडे गाय, मेंढी, शेळी, डुक्कर यांपैकी एकही जनावर नव्हतं. पाळीव म्हणावे तर मुख्यतः टर्की आणि कुत्रा. तिथे कुत्रा ताटात आला. दक्षिण कोरियातही ही जुनी रीत होती, पण कुत्रा घरात आला, सोफ्यावर बसला, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या संसदेने मांसासाठी कुत्रे पाळणं, मारणं, विकणं बंद करणारा कायदा केला. त्यातल्या शिक्षा २०२७ पासून लागू व्हायच्या. आपल्याकडे नागालँड सरकारने २०२० मध्ये कुत्र्याच्या मांसावर बंदी घातली, ती गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने २०२३ मध्ये रद्द केली. दोन्ही ठिकाणची माणसं क्रूर नाहीत आणि आपण जास्त दयाळू नाही. कुत्र्याशी त्यांचं नातं कुठे उभं आहे, एवढाच फरक.

हे नातं फार ताकदीचं असतं. आमच्या घरी कोंबड्या होत्या. हाताने दाणे टाकून वाढवलेला कोंबडा आई कधीच शिजवायची नाही. पाहुणे यायचे तेव्हा ती शेजारच्या काकूंकडे जायची: "आमचा तुम्ही ठेवा, तुमचा आम्हाला द्या." काकूंनाही तेच हवं असायचं. दोन्ही घरांत रस्सा व्हायचा, फक्त ओळखीचा कोंबडा दुसऱ्याच्या पातेल्यात जायचा. मला लहानपणी हे विचित्र वाटायचं, आता वाटत नाही. मारण्यासाठी मधे थोडं अंतर लागतं. गावोगावी बकरं कापायला मुलाण्याला बोलावण्याची रीत होती, तिच्यामागे विधीची कारणं होतीच, पण सुरी आपल्या हातात न घेण्याची सोयही होती असं मला वाटतं.

भाषाही हे अंतर तयार करते. "मटण" हा शब्द इंग्रजीतून आला, तिथे तो मेंढीच्या मांसाचा, आपण तो बोकडाला लावला. दुकानात कोणी "बोकडाचा मृतदेह" म्हणत नाही. बैल-म्हशीचं नाव घ्यायचं नसेल तर "मोठ्याचं" म्हणतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे सांगायला हवा. काही लोकांना न्यू गिनीतल्या झाडावर राहणाऱ्या कांगारूची माहिती दिली, काहींना सोबत हेही सांगितलं की तिथले लोक तो खातात. हे वाक्य वाचलेल्यांना तो प्राणी कमी वेदना सोसणारा वाटला. त्यांनी स्वतः तो खाल्ला नव्हता, कधी पाहिलाही नव्हता. नुसतं "हे अन्न आहे" असं कळल्यावर मनाने त्या जिवाची वेदना कमी करून टाकली. हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

डुकराच्या बाबतीत अभ्यासकांचाच वाद आहे. ज्यू आणि इस्लाम या दोन्ही धर्मांनी डुक्कर वर्ज्य केलं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मार्व्हिन हॅरिस यांचं म्हणणं हिशोबाचं: डुकराला घाम नीट येत नाही, त्याला चिखल-सावली लागते, नुसत्या गवतावर ते जगत नाही, माणसाचंच धान्य खातं, आणि दूध, लोकर, नांगर यांतलं काहीच देत नाही. कोरड्या प्रदेशात ते परवडत नाही, म्हणून धर्माने मोह तोडून टाकला. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये वेगळंच मांडलं. माणूस जगाचे कप्पे पाडतो आणि कप्प्यात न बसणाऱ्या गोष्टीची त्याला भीती वाटते. ज्यू धर्मग्रंथात खाण्याजोगं जनावर म्हणजे दुभंगलेल्या खुरांचं आणि रवंथ करणारं. डुकराचे खूर दुभंगलेले, पण ते रवंथ करत नाही. म्हणून ते अशुद्ध. कच्च्या मांसातल्या कृमींमुळे मनाई आली, हे लोकप्रिय उत्तर मला पटत नाही. गायी-मेंढ्यांपासूनही रोग होतात, त्यांना कोणी वर्ज्य केलं नाही. हॅरिस यांचं उत्तरही पुरतं पुरत नाही, कारण त्याच प्रदेशातल्या प्राचीन शहरांत डुकराची हाडं भरपूर सापडतात. शहरातला गरीब माणूस उकिरड्यावर डुक्कर पाळून जगत होता.

पण एकदा मनाई झाली की ती ओळख बनते, आणि मग हिशोब विचारायची सोय उरत नाही. स्पेन-पोर्तुगालमध्ये धर्मांतर केलेल्या ज्यू-मुस्लिमांवर नजर ठेवताना "हा डुक्कर खातो का?" हे पाहिलं जायचं. तेच पोर्तुगीज गोव्यात आले. आज गोव्यातल्या ख्रिश्चन घरात नाताळला सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, नसेल तर सण झाल्यासारखा वाटत नाही, आणि शेजारच्या हिंदू घरात, जिथे मासे रोज शिजतात, तिथे ते चुलीवर चढत नाही. हवा, पाणी, नारळ तेच. फरक फक्त आपण कोण आहोत याचा.

बैलाबद्दल थांबून बोलायला हवं, कारण महाराष्ट्रात हे सगळे थर एकाच जनावराच्या पाठीवर दिसतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे मळतो आणि त्याला सांगतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." हे खोटं प्रेम नाही. काळ्या जमिनीतला जड नांगर ओढायला दोन-दोन, तीन-तीन बैलजोड्या लागायच्या. बैल गेला की त्या वर्षीची पेरणी गेली. दुष्काळात भूक लागली म्हणून ज्याने बैल मारून खाल्ला, त्याच्याकडे पाऊस आल्यावर नांगरायला काहीच उरलं नसतं. गाय त्या बैलाची आई. गोवंश न मारण्यामागे हीच गणितं आहेत, असं हॅरिस यांनी १९६६ मध्ये मांडलं. इतिहास मात्र इतका सरळ नाही. वेदांत गायीला "अघ्न्या", म्हणजे मारू नये अशी, म्हटलं आहे, आणि पाणिनीच्या व्याकरणात पाहुण्याला "गोघ्न", म्हणजे ज्याच्यासाठी गाय मारली जाते तो, असाही शब्द आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे दोन्ही पुरावे समोर ठेवले आहेत. मनाई एका दिवसात आली नाही.

आणि "आपण गोवंश खात नाही" या वाक्यातला "आपण" कधीच पूर्ण गावाचा नव्हता. म्हातारा बैल बाजारात विकला जायचा, पुढे कुठे गेला हे धनी विचारायचा नाही. दावणीला मेला तर त्याला ओढून नेण्याचं काम गावाने महारांवर लादलेलं होतं. कातडं चर्मकामाला जायचं आणि मांस वाटून घेतलं जायचं. उरलेल्याच्या पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून चान्या करायच्या आणि उन्हाळ्यात पुरवून खायच्या. ज्याला मेलेलं जनावर ओढायला लावलं, त्यालाच ते खातो म्हणून शिवायचं नाही, हा अन्याय शेकडो वर्षं चालला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं, ते आहारशास्त्राचा सल्ला म्हणून नव्हे, माणूसपणाचा प्रश्न म्हणून. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना त्यांनी गोमांस खाणं आणि अस्पृश्यता यांचा थेट संबंध मांडला. कोण काय खातं यावर कोण कुठे बसेल हे ठरत असताना, अन्नाचा विषय फक्त पोटाचा राहत नाही.

आता ट्रॅक्टर आला. नांगरट तासांत होते. संकरित जर्सी-होल्स्टीन गायीला झालेल्या गोऱ्ह्याला वशिंड नीट नसतं, त्यामुळे जू खांद्यावर बसत नाही, आणि आपल्या उन्हात तो दमतो. म्हणजे बोकडाची जी अवस्था होती ती आज गोऱ्ह्याची झाली: दूध नाही, काम नाही, चारा मात्र रोज. पण वरचे थर जागचे हलले नाहीत, उलट कायद्यात उतरले. विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने २०१५ मध्ये लागू झाली आणि गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. म्हैस त्यात नाही. श्रद्धेचा मान राखलाच पाहिजे असं मलाही वाटतं, पण त्या श्रद्धेचं चाऱ्याचं बिल एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने भरावं हे मला न्याय्य वाटत नाही. विज्ञानाने यावर एक वळसा काढला आहे: लिंगनिश्चित वीर्यमात्रा. त्याने रेतन केलं तर दहात नऊच्या आसपास कालवडीच जन्मतात. नको असलेला नर मुळात जन्मालाच येऊ नये, अशी ही सोय.

हिशोब बदलला की ताट उलट दिशेनेही बदलतं. हिमालयातल्या याकची संख्या घटत चालली, २०१९ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे ५८ हजारच उरले, कारण नव्या पिढीला तो पाळून पोट भरेना. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये याकला खाद्य प्राणी म्हणून मान्यता दिली, म्हणजे त्याचं मांस रीतसर विकता येईल आणि पाळणाऱ्याला दोन पैसे मिळतील. पुढच्या वर्षी ईशान्येतल्या मिथुन या गव्यासारख्या जनावरालाही ती मिळाली. जनावर टिकावं म्हणून ते ताटात आणायचं, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण त्याच पशुगणनेत शेळ्या सुमारे १४ कोटी ८९ लाख भरल्या, सात वर्षांत दहा टक्क्यांनी वाढून. आणि गाढवं? ६१ टक्क्यांनी घटून जेमतेम १ लाख २० हजार.

डंपर आले, पिकअप आले, गाढवाचं ओझं गेलं. आंध्रच्या काही जिल्ह्यांत त्याचं मांस बेकायदा विकलं जातं, कातड्याला चीनमधल्या औषधाच्या धंद्यातून मागणी आहे. म्हणजे मेलेल्या गाढवाला भाव येऊ लागला आहे. आपल्याकडे मात्र अजून कधी कधी सकाळी गल्लीत हाळी ऐकू येते, "गाढविणीचं दूऽऽध." बाई गाढवीण आणि शिंगरू घेऊन दारात थांबते, तान्ह्या बाळाची आजी आतून चमचा आणते, आणि बाई तिथेच दोन धारा काढून चमचाभर दूध तिच्या हातात देते.